भिवरा बोहारणीची दोरी

सांगायचं म्हणजे पुन्हा घसा फोडा. दुकानातली पोरगी गिऱ्हाईक आलं की "आजोबांना विचारा" म्हणून इकडं पिटाळते आणि आपण गल्ल्यावर बसून राहते. माझी भाकर अजून व्हायचीय. आधी तो मोबाईल खिशात घाला. आणि त्या सदऱ्याला हात लावू नका, त्याचा आज चौथाच दिवस आहे.

हे दोन दगडी खांब आणि मधली काथ्याची दोरी पाहिलीत ना? खडकपेठेत कुणालाही जुना कपडा द्यायचा असला की तो आधी या दोरीवर नऊ दिवस टांगतात. टांगताना चारचौघांत आपलं नाव घेऊन "हा मी देतो" असं मोठ्यानं म्हणायचं. घरातल्या कुणाची हरकत असली तर त्यानं नऊ दिवसांत उतरवून न्यावा. मगच तो मागच्या दुकानात विकायला जातो. तुम्ही त्याला विंटेज का काय म्हणता. आम्ही जुना कपडा म्हणतो.

पाच-सहा पिढ्यांमागं भिवरा नावाची बोहारीण होती, असं सांगतात. डोक्यावर पितळी भांड्यांची पाटी, पाठीला बोचकं. जुनी लुगडी घ्यायची आणि बदली भांडं द्यायचं. चाळीस गावं तिच्या पायाखालची होती. बोहारीण थेट माजघरात जाते, जिथं घरचा गडीसुद्धा जात नाही. तेवढा विश्वास हीच तिची पुंजी. एकदा कुणी चोर म्हटलं की चाळीस गावांची दारं बंद.

पेठेत नारोशेट म्हणून गुळाचे आडते होते. त्यांच्या बायकोनं, आवडाबाईनं, लग्नातला शालू पेटीत जपला होता. सवाष्ण मेले तर अंगावर हाच घाला, असं तिनं सगळ्यांना बजावलेलं. एकदा ती जत्रेला माहेरी गेली. मागं सुनेनं, सरसानं, भिवराच्या पाटीतली एक घागर पाहिली आणि तिचा जीव त्या घागरीवर गेला. तिनं पेटी उघडून शालू पुढं टाकला.

"सासूला विचारलंस का गं?" भिवरानं विचारलं.

"माझ्याच घरात कुणाला विचारू? तू घागर दे."

भिवरानं घागर दिली. तिथंच चुकली. सरसाला वाटलं, म्हातारी कशाला पेटी उघडतेय! म्हातारी परत आली आणि पाय धुवायच्या आधी तिनं पेटीच उघडली. सासवा अशाच असतात. सरसाची पाचावर धारण बसली. "मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात बोहारणीनं लांबवला," असं ती बोलून गेली.

पुढच्या बाजारी नारोशेटांनी भिवराची पाटी लाथेनं उडवली. "चोरटे, शालू टाक!"

"चोर कधी बदली घागर ठेवून जातो का, शेट?"

"घागर माझ्या माहेरची आहे," सरसा म्हणाली. नवऱ्याच्या मागं उभी राहून म्हणाली.

संपलं. त्याच दिवशी दवंडी पिटली गेली, की भिवराला कुणी उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

भिवरा तडक निघाली. अकरा कोस चालत गेली. जरीचे काठ जाळून चांदी काढणाऱ्याला तिनं शालू विकला होता. ती पोचली तेव्हा काठपदर भट्टीत गेले होते. उरलेलं कापड तिनं सगळी भांडी देऊन सोडवलं. परत आली, बोचक्याची दोरी सोडून या दोन खांबांना बांधली आणि वर तो बिनकाठांचा शालू टाकला. "जिनं दिला तिनं इथं येऊन तोंडानं सांगावं. तोवर मला अन्न वर्ज्य. आणि तुमचे उंबरे जन्मभर वर्ज्य."

नऊ दिवस ती नुसत्या पाण्यावर बसली. सातव्या दिवशी म्हणे अशी वावटळ आली की छपरावरची कौलं गेली, पण शालूचं टोकसुद्धा हललं नाही. मला विचाराल तर तिनं त्याला खाली गाठ मारली असेल. पण असं सांगतात, म्हणून सांगितलं.

नवव्या दिवशी सरसा आली. आपला स्वतःचा शालू तिनं दोरीवर टाकला आणि मुकाट्यानं वळली.

भिवराला मान उचलवत नव्हती. जिभेला मात्र धार होती. "कापड आणलंस. तोंड घरी ठेवलंस का?"

सरसा थांबली. मग एवढ्या मोठ्यानं बोलली की गुळाच्या वखारीत ऐकू गेलं. "मी नारोशेटांची सून सरसा. सासूबाईंचा शालू मी दिला. हिनं चोरला नाही."

भिवरानं तिचा शालू तिच्या अंगावर परत फेकला. नारोशेटांनी माणूस धाडला, झालं गेलं विसर, घरी पाणी प्यायला ये. स्वतः काही आले नाहीत. भिवरानं कळवलं, "तुमचा उंबरा तुम्हाला लखलाभ. ज्याला द्यायचं त्यानं इथं यावं." आणि दोरीमागं चार बांबू रोवून तिनं दुकान मांडलं. तुमच्यासारखे येतात आणि विचारतात, दुकान कशावरून सुचलं? सुचतंय कसलं! संतापातून निघालं ते.

बिनकाठांचा शालू आवडाबाई येऊन घेऊन गेली. दीड वर्षानं ती सवाष्णच गेली. असलं फाटकं नेसवायला बायका धजेनात. पण मरायच्या आधी ती सांगून गेली होती म्हणे, "काठ पुढं गेलेत. मी मागून जाते."

आजही कपडा नऊ दिवस टांगल्याशिवाय आत जात नाही. आजही कुणी कुणावर खोटा आळ घेतला, तर त्यानं या दोरीखाली उभं राहून आपल्या तोंडानं तो मागं घ्यायचा असतो. मोठमोठे उभे राहिले. एकच राहिलाय. बापाचा कोट मी पळवला म्हणून भर बाजारात माझ्या नावानं बोंबलला, आणि कोट निघाला त्याच्याच कडब्याच्या गंजीत. दोन वर्षं झाली. मारुतीच्या मागं राहतो. जालिंदर बाबूराव तोडकर.