खांदा न बदलणारा भोई

बसा. नीट बसा. पोरांनो तुम्ही, आणि त्या खांबाला रेललेले आजोबा, तुम्हीसुद्धा. पोक काढून ही गोष्ट ऐकायची नाही, कारण गोष्टच पाठीची आहे.

फार फार जुन्या काळी, कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एक डोंगराळ राज्य होतं. राजा राहायचा गडावर आणि गावं सगळी पायथ्याला. मधे एकच वाट. तिच्या एका हाताला उभा कातळ, दुसऱ्या हाताला दरी. घोडा त्या वाटेला बिचकायचा, बैल तर पाऊलच टाकायचा नाही. म्हणून ज्याला चालवत नसे, त्यानं पालखीतून जायचं.

पालखीला चार भोई. दांडीला दोघं पुढे, दोघं मागे. सगळ्यांत पुढचा तो म्होरक्या. वाट फक्त त्यालाच दिसायची, मागच्यांना पुढच्याची पाठ तेवढी दिसे. म्हणून तो ओरडून सांगायचा, "धोंडा डावीकडं!" आणि मागचे तिघं म्हणायचे, "आला ध्यानात!" तो सांगेल तसंच त्यांनी पाऊल टाकायचं.

वाटेत अधूनमधून सपाटी लागे. तिथं म्होरक्यानं "खांदा!" अशी हाक दिली, की चौघांनी मिळून दांडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यायची. पण या भोयांची एक खुळी रीत होती. जो म्होरक्या गडापासून पायथ्यापर्यंत एकदाही "खांदा" म्हणत नसे, त्याला दसऱ्याला राजाच्या हातचा फेटा मिळायचा. आणि ज्याच्या तोंडून तो शब्द निघाला, त्याचा मान गेलाच म्हणून समजा.

आपल्या गोष्टीतल्या म्होरक्यानं तो शब्द कधीच उच्चारला नव्हता. दांडी कायम उजव्या खांद्यावर. लोक कौतुकानं म्हणत, "याची पाठ म्हणजे पोलाद!" आणि तो मिशीत हसायचा.

पोलाद कसलं आलंय! माणसाचीच पाठ ती. आधी कंबरेत उजवीकडे चमक यायला लागली. मग वाकलं की सरळ होताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग ती कळ मांडीतून पोटरीत उतरली. यानं काय करावं? कुणाला कळू नये म्हणून बंडीच्या आत एक लांब फडकं आवळून बांधलं. दुखणं वाढलं की फडक्याला आणखी एक पीळ.

पण बायकोपासून काय लपतंय? एकदा ती म्हणाली, "अहो, बंडी एका बाजूनं लोंबतेय, का तुम्हीच कलंडलाय?"

"तुझी दृष्टीच वाकडी आहे."

"हो, माझीच. जरा वैद्यबुवांकडं चला ना माझ्याबरोबर."

"वैद्यबुवांना कळलं म्हणजे गावाला कळलं. पालखी जाईल माझी. गप बस तू!"

ती गप बसली. बिचारी वाळू तापवून, पुरचुंडी बांधून, त्याची कंबर शेकत राहायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तोच खांदा आणि तीच दांडी.

अशात राणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर डोंगराखाली. तिला पालखीतून उतरवायचं ठरलं. त्या दिवशी म्होरक्याला उठतानाच भिंतीचा आधार लागला. बायकोनं दारात त्याचा दंड धरला.

"आज नका जाऊ. पाया पडते तुमच्या. माझ्या भावाला लावा पुढं."

तिचा भाऊ पालखीला दुसऱ्या नंबरला असायचा, म्होरक्याच्या अगदी पाठीमागे.

"आजच्या दिवशी घरात बसलो तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या," तो म्हणाला आणि फडकं इतकं आवळलं की श्वास अडकला.

राणीची ओटी भरली. राजा दरवाजापर्यंत आला आणि म्होरक्याला म्हणाला, "दोन जीव आहेत. सांभाळून न्या."

"काळजी नसावी महाराज," म्होरक्या म्हणाला. काळजी त्याच्या पोटरीत ठणकत होती.

उतार सुरू झाला. उतारावर सगळा भार पुढच्यांच्या अंगावर येतो. पहिल्या सपाटीला मेव्हण्यानं मागून हळूच विचारलं, "दाजी, खांदा?"

"चला पुढं!"

दुसरी सपाटी आली. "दाजी, खांदा घ्यायचा का?" मेव्हण्याचा आवाज जरा कापरा होता. पण म्होरक्या स्वतःच्या दुखण्यात इतका बुडालेला, की त्याला तो कंप जाणवलाच नाही. "चला म्हणतो ना!"

पुढे कड्याचा चिंचोळा भाग होता. एक माणूस जेमतेम मावेल एवढी वाट. इथं बोलायचं ते फक्त म्होरक्यानं. आणि नेमका तिथंच त्याचा उजवा पाय बधिर झाला. पाय आहे की नाही, तेच कळेना! पाऊल कुठं पडलंय हे पाहायला त्याला मान खाली घालावी लागली. कंबरेत कुणीतरी पहार खुपसावी तशी कळ उठली. 'एवढा कडा पार होऊ दे,' तो मनात म्हणाला, 'मग काय व्हायचं ते होवो.'

मान खाली आणि डोळ्यांत पाणी. समोरचा सुटा दगड त्याला दिसला नाही, त्यानं ओरडून सांगितलं नाही. त्याचा पाय वाचला, पण मेव्हण्याचा नेमका त्यावर पडला. दगड निसटला, मेव्हणा झोकांडला आणि पालखी दरीकडे कलली.

आतून राणी किंचाळली. तिच्या ओटीतला नारळ घरंगळत पडद्याखालून बाहेर आला आणि कड्यावरून खाली गेला. चौघंही जागच्या जागी थिजले. नारळ खाली आपटल्याचा आवाज आला, तो फार उशिरा आला.

कसाबसा तोल सावरला. पडद्याआडून राणीनं विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही बाईसाहेब," म्होरक्या म्हणाला.

"मला खरं सांगा. मला इथून काही दिसत नाही. तुम्ही सांगाल तेच खरं धरून मी बसलेय."

म्होरक्यापुढे एका बाजूला फेटा, नाव, इतक्या वर्षांचा मान. दुसऱ्या बाजूला पडद्यामागचे ते दोन जीव. आणि मधे त्याचा बधिर झालेला पाय, जो पुढच्या पावलाला दगा देणार हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. क्षणभर वाटलं, रेटून न्यावं. कडा संपतो ते वळण तर दिसतंय.

मग तो ओरडला, "थांबा! पालखी टेकवा! माझी पाठ गेली. आता मी एक पाऊलही टाकलं तर सगळी दरीत जाऊ!"

भोयांच्या हातातल्या दुबेळक्याच्या, टोकाला फाटा असलेल्या काठ्या दांडीखाली लागल्या, पालखी कातळाच्या बाजूला टेकली. आणि मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "देवा, सुटलो रे बाबा!"

म्होरक्यानं वळून पाहिलं. मेव्हणा तोंड झाकून रडत होता. "दाजी, माझा खांदा पहिल्या सपाटीपासून मेलाय. तुम्ही म्हणत नाही, मग मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"आणि माझी कंबर गेल्या पावसाळ्यापासून," सगळ्यांत मागचा भोई म्हणाला. "म्हटलं, म्होरक्याला काही होत नाही, आपणच नाजूक." तिसऱ्या भोयानंही आपला सुजलेला खांदा पुढे केला.

ऐकलंत? चौघांचंही दुखत होतं आणि चौघंही एकमेकांची पाठ बघून गप होते.

राणी पालखीतून उतरली. एक हात कातळावर, एक हात मेव्हण्याच्या हातात, जीव मुठीत धरून तो कडा तिनं पायी पार केला. पायथ्याच्या गावातून माणसं हाकेला धावून आली आणि तिला सुखरूप माहेरी पोचवलं. म्होरक्या मात्र तेवढी वाट गुडघ्यांवर रांगत आला.

घरी वैद्यबुवांनी आधी ते फडकं कापून काढलं. "बांधून बांधून पाठ पांगळी केलीस," ते म्हणाले. "दोन-चार दिवस सतरंजीवर पड, शेक घे. पण पडूनच राहशील तर आखडशील. मग चालायचं. आधी अंगणात, मग गल्लीत, मग ओढ्यापर्यंत. आणि काही उचलायचं तर कंबरेत वाकून नाही. गुडघे मोडून बसायचं, वस्तू छातीशी धरायची, पायांच्या जोरावर उठायचं."

बायको शेक देता देता बोलत होती आणि रडतही होती. "पालखी जाईल, पालखी जाईल! अहो, तुम्ही गेला असता म्हणजे?" त्यानं पहिल्यांदाच तिला गप बस म्हटलं नाही.

चालणं रोजचं झालं. कळ हळूहळू ओसरली. पण वैद्यबुवांनी स्पष्टच सांगितलं, "चार पैशांची भाजी आण, पाण्याची कळशी आण. दांडी मात्र आता या जन्मी नाही. वर्षापूर्वी आला असतास, तर गोष्ट वेगळी होती."

राजाला सगळं कळलं तेव्हा त्यानं ती खुळी रीतच मोडली, आणि मानाचा फेटा नवा म्होरक्या झालेल्या मेव्हण्याला मिळाला.

बाळाचं बारसं उरकून राणी गडाकडे परत निघाली. म्होरक्या रोजच्यासारखा चालत चालत पायथ्याकडून पहिल्या सपाटीला येऊन थांबला होता. पालखी तिथं पोचताच नव्या म्होरक्यानं मोकळ्या गळ्यानं हाक दिली, "खांदा!" कुणी हसलं नाही.

राणीनं पडदा सारला. पालखी टेकवायला सांगितली आणि दुपट्यातलं बाळ पुढे केलं. "घ्या ना."

तो वाकायला गेला, आणि थांबला. हळूच गुडघे मोडून बसला, बाळ छातीशी धरलं आणि पायांवर जोर देऊन उठला. बाळानं त्याच्याकडे बघून जांभई दिली. म्होरक्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बाईसाहेब, एका फेट्यापायी मी याला कड्यावर टांगलं होतं."

"थांबवलंतही तुम्हीच," राणी म्हणाली. "पण फार उशिरा."

त्यानं बाळ परत दिलं आणि पालखी वर जाताना दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. ती पालखी त्यानं पुन्हा कधी उचलली नाही.

तर पोरांनो आणि आजोबांनो, बोध एवढाच: पाठ कुरकुरली की तिथंच थांबावं आणि तसं बोलून दाखवावं, कारण आपल्या पाठीवर आपल्या एकट्याचाच भार नसतो.