सात कडी आणि एक नळी

धामणखेडच्या रायाजीमहाराजांनी शंभर पावलांवरच्या मडक्यावर नेम धरला, चाप ओढला आणि गोळी देवळाच्या घंटेला लागली. ठण्ण! आत डुलकी घेणाऱ्या पुजाऱ्यानं दचकून भरदुपारी आरती सुरू केली.

"मडकं सरकलं!" महाराज गरजले.

"सरकलंच, सरकार!" सातही मानकरी एका सुरात म्हणाले.

पण सकाळची गोळी डावीकडे गेली होती, कालची उजवीकडे, आणि परवाची कुठे गेली ते अजून शोधत होते. मडक्यानं तरी किती सरकावं! शेवटी दोष आला बंदुकीचं लाकूड घडवणाऱ्या कोंडिबा सुतारावर.

"दसऱ्याला शेजारचे महाराज नेमबाजीला येणार आहेत," रायाजीमहाराज म्हणाले. "उद्या माझ्या तीन गोळ्यांत तीन मडकी फुटली पाहिजेत. नाही फुटली, तर दसऱ्याला मडकं खांबावर नाही, तुझ्या डोक्यावर ठेवू!"

"सरकार, लाकडाचा दोष नाही. नळीवरची कडी तेवढी काढली तर..."

सभेत एकच हलकल्लोळ! धामणखेडची रीतच होती तशी. दर दसऱ्याला एका मानकऱ्यानं राजाच्या बंदुकीला चांदीचं कडं चढवायचं, आणि नळी लाकडाशी करकचून आवळायची. सात दसरे झाले, सात कडी झाली.

"आमचं कडं काढायचं?" थोरले मानकरी भुजंगराव उसळले. "त्यापेक्षा आमचं डोकं काढा!"

"कडी बंदुकीवरच राहतील आणि नेमही लागेल," महाराजांनी निकाल दिला. "कसा, ते तू बघ!"

कोंडिबा घरी आला आणि बायकोला सगळं सांगून भिंतीला टेकून बसला.

भिवराला काळजी करायला कुणी शिकवावं लागत नसे. पोर शिंकली की तिला सर्दीची काळजी, आणि बराच वेळ शिंकली नाही की, का बरं शिंकली नाही, याची. आज मात्र काळजीला चांगलं दणदणीत कारण होतं. कारण मिळाल्यावर डोकं उलट शांत झालं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"अहो, पण कडी काढल्यावर नळी पडायची नाही का?"

"पडेल कशी? मागच्या टोकाला दोन मळसूत्रांनी घट्ट बसवलीय. पुढे मात्र ती लाकडाला टेकताच कामा नये. खालून विड्याचं पान सरकवलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं पाहिजे. बार उडाला की नळी थरथरते. मोकळी असली तर दरवेळी सारखीच थरथरते. बांधून ठेवली की उन्हानं लाकूड जरा वाकलं तरी तिला ढकलतं. आज इकडे, उद्या तिकडे!"

"मग हे सांगायचं ना!"

"सांगितलं! मानकरी म्हणाले, सात जणांनी धरून हलते, ती कुणीच न धरता स्थिर कशी राहील?"

भिवरा पोरीला भात भरवत होती. पोरीला स्वतःच्या हातानं खायचं होतं. घास मोठा होईल या भीतीनं भिवरानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. घास गेला नाकात. पोरीनं आईकडे असं बघितलं, की भिवरानं मुकाट्यानं हात सोडला. पोरीचा पुढचा घास बरोबर तोंडात गेला, आणि भिवरा एकदम हसली.

दुसऱ्या दिवशी ती लाडवांचं ताट घेऊन नेमबाजीच्या मैदानावर भरलेल्या दरबारात हजर झाली. 'चुकलं तर नवऱ्याच्या डोक्यावर मडकं, आणि माझ्या डोक्यावर सासूचे कायमचे टोमणे,' असा हिशेब चालूच होता.

"महाराज, बंदूक उडवण्याआधी एक लाडू खावा."

"वा! आण!"

"पण महाराजांचा हात हलायला नको. मानकऱ्यांनी आधार द्यावा."

मान म्हटल्यावर सातही जण धावले. एकानं दंड धरला, एकानं कोपर, एकानं मनगट. भुजंगरावांनी करंगळी पकडली. जागा उरली नाही तेव्हा सातव्यानं सहाव्याचा हात धरला. महाराजांनी लाडू उचलला. तो मिशीला लागला. पुन्हा नेम धरला, तो कानाला लागला. तिसऱ्यांदा भुजंगरावांच्या तोंडात गेला.

"छान झालाय," भुजंगराव पुटपुटले.

"सोडा!" महाराज कडाडले. सगळे दूर झाले. पुढचा लाडू सरळ तोंडात!

"पण हाताला कुठेतरी आधार हवाच की!" भुजंगराव म्हणाले.

"आहे ना!" भिवरा म्हणाली. "देवानं खांद्याशी पक्का बसवलाय. तिथून पुढे कुणी धरत नाही, म्हणून तर घास तोंड चुकत नाही!"

महाराज चघळता चघळता थांबले. बंदुकीकडे बघितलं, मानकऱ्यांकडे बघितलं. "कोंडिबा, काढ कडी!"

कोंडिबानं कडी उतरवली, पटाशीनं लाकूड खरवडलं, खालून पान सरकवून दाखवलं. महाराजांनी नेम धरला. धाड! धाड! धाड! तीन मडक्यांच्या खापऱ्या झाल्या.

पण मानकऱ्यांचे चेहरे पडले होते. "आणि आमची कडी? सरकारांचा शब्द होता, बंदुकीवरच राहतील!"

महाराजांची चुळबुळ सुरू झाली. शब्द तर दिलेला!

"राहतीलच की," भिवरा म्हणाली. "मागच्या दस्त्यावर बसवा. मला आपलं वाटतं हं, चुकत असेन... पण नळीवर राहून तुमचा मान महाराजांपासून दोन हात लांब पडला होता. दस्ता तर थेट महाराजांच्या खांद्याला टेकतो!"

लगेच "माझं कडं सगळ्यात मागे!" म्हणून सातही जण एकमेकांच्या अंगावर तुटून पडले.

महाराज पोट धरधरून हसले. "बाई, माग काय हवं ते! जमीन देऊ?"

"महाराजांचा नेम आता लागतोच," भिवरा चाचरत म्हणाली, "पण जमीन द्यायचीच असेल, तर महाराजांच्या पाठीमागची द्यावी."

हसता हसता महाराजांना ठसका लागला, आणि त्यांनी मैदानाच्या मागची दहा बिघे जमीन तिथल्या तिथे तिच्या नावे करून दिली.