डावीकडचे दोन सड

पूर्वी शोणपूर नगरात राजा जयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या एका गवळवाड्यात जन्माला आला. आईबापांनी त्याचे नाव सोमिल ठेवले. मोठा झाल्यावर बापाच्या गोठ्यातल्या चार गाई त्याच्याकडे आल्या आणि गवळ्याच्याच उत्पला नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले.

त्या गवळवाड्यात एक जुनी रीत होती. गाईच्या चार सडांपैकी उजवीकडचे दोन माणसाचे आणि डावीकडचे दोन वासराचे. हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. मूल धार काढायला शिके तेव्हाच त्याला उजवी बाजू दाखवली जाई, आणि हात डावीकडे गेला तर त्यावर चापट बसे. या रीतीने कोणी श्रीमंत झाला नाही, पण कोणी उपाशीही राहिला नाही. दूध विकून रोजचे भागत असे. खरा फायदा मागाहून येई. गोऱ्हा तीन वर्षांचा झाला की शेतकरी त्याला नांगरासाठी विकत नेत, आणि कालवड व्याली की गोठ्यात एक गाय वाढे.

राजा जयसेन मनाने चांगला होता. चांगल्या मनाच्या माणसांना घाई फार असते, तशी ती त्यालाही होती. एकदा वाटेने जाताना त्याला दुधाचे घडे डोक्यावर घेतलेल्या गवळणी दिसल्या. त्यांची लुगडी ठिगळांची होती. राजाला वाईट वाटले. त्याने गोधनाचा अधिकारी विशाख याला बोलावून आज्ञा केली, की जो गवळी राजाच्या दुग्धशाळेत घडाभर दूध आणील त्याला दुधाची किंमत मिळेलच, शिवाय राजाच्या कोठारातून पायलीभर धान्यही मिळेल. आज्ञापत्रात याला अनुदान म्हटले होते. गवळी त्याला घड्यामागची पायली म्हणू लागले.

खोटे कशाला सांगायचे, पहिल्या महिन्यात ती पायली सगळ्यांना गोड लागली. सोमिलच्या चार गाईंचा रोज एक घडा भरे. पहिले धान्य घरी आले त्या दिवशी उत्पलेने खीर केली, आणि दोघांनी राजाचे नाव घेऊन ती खाल्ली.

पण गवळवाड्याचा प्रमुख दंडिल हा हिशेबी माणूस होता. त्याच्याकडे बारा गाई होत्या. एके सकाळी त्याने डावीकडच्या सडाला हात घातला. शेजाऱ्यांनी आधी नाके मुरडली, मग त्याचे घडे पाहिले, आणि मग आपापल्या गोठ्यात जाऊन तेच केले. आधी तिसरा सड, मग चौथा.

"वासराचं काय?" सोमिलने विचारले.

"गवत खाईल की," दंडिल म्हणाला. "रानभर गवत पडलंय."

महिन्याच्या वासराला गवत पचत नाही हे दंडिलला चांगले ठाऊक होते. वासरे हगवणीने वाळली आणि एकामागून एक मेली. वासरू समोर नसले की गाय पान्हा चोरते, म्हणून दंडिलने मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरला, त्यावर मीठ चोळले आणि ते गाईपुढे ठेवले. गाय ते चाटू लागली आणि दूध उतरले. ही युक्ती जुनीच होती. रोगाने किंवा साप चावून वासरू गेले तर क्वचित कोणी ती करीत असे. आता घरोघरी पेंढ्याची वासरे उभी राहिली.

दूध उदंड झाले. इतके झाले की नगरातल्या बाजारात त्याचा भाव निम्म्यावर आला. त्यामुळे ज्यांना मागे फिरावेसे वाटत होते त्यांनाही फिरता येईना. पायलीशिवाय नुसत्या दुधावर आता कोणाचेच भागत नव्हते. आणि विशाखला तर राजापुढे मिरवायचे होते. त्याने नवा नियम केला: ज्याच्या चार गाई आहेत त्याने दोन घडे आणलेच पाहिजेत. जो आणणार नाही तो आळशी समजावा. त्याला पायली नाही, आणि राजाच्या कुरणात त्याची गुरेही सोडायची नाहीत.

कुरण गेले तर गोठा गेला. हे सांगायला विशाख स्वतः सोमिलच्या दारात आला.

"तुझ्या गाई धडधाकट आहेत, सोमिल. दुसरा घडा कुठं जातो?"

"वासरं पितात, साहेब."

"म्हणजे राजाचं धान्य नको आणि कुरणही नको, असंच ना?"

"दोन्ही हवं आहे. पण ते वासराच्या तोंडातून काढून नको."

विशाखने पौर्णिमेपर्यंतची मुदत दिली आणि तो निघून गेला. बोधिसत्त्व गोठ्यात आला. कपिला नावाची त्याची सर्वांत थोरली गाय नुकतीच व्याली होती आणि तिचे वासरू डावीकडून ढुसण्या देत पीत होते. ते पाहता पाहता त्याचे मन पक्के झाले. त्याने कपिलेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "माझ्या गोठ्यात जोवर एक वासरू आहे, तोवर त्याच्या दोन सडांना माझा हात लागणार नाही. मग कुरण राहो की जावो."

उत्पला दाराशी उभी राहून ऐकत होती.

"शपथ तुम्ही घेतलीत," ती म्हणाली. "गवताचे भारे कोणी वाहायचे?"

"दोघांनी."

"मग शपथ घेताना मलाही हाक मारायची होती." असे म्हणून ती आत गेली आणि दोन विळे घेऊन बाहेर आली.

पौर्णिमा झाली आणि त्यांचे कुरण गेले. त्या दिवसापासून दोघे नदीच्या बेटावर जाऊन गवत कापू लागली. भारा डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून परतायचे, तेही दिवसातून दोनदा. उजवीकडचे दूध निम्म्या भावाने विकायचे आणि त्यात भागवायचे. उत्पलेच्या मानेला घट्टे पडले. गवळवाड्यातली माणसे हसून म्हणत, "सोमिलच्या घरी वासरं जेवतात आणि माणसं बघत बसतात." उत्पला उलट म्हणे, "बघायला आमच्याकडे वासरं आहेत तरी." घरी येऊन मात्र ती कधी कधी रडे. बोधिसत्त्वालाही वाईट वाटे, पण त्याचा हात डावीकडे गेला नाही.

अशात एके दिवशी कपिलेचे वासरू साप चावून मेले.

दंडिल आला. तो वाईट माणूस नव्हता. सोमिलची ओढाताण त्यालाही बघवत नव्हती. "आता तुझी शपथ सुटली," तो म्हणाला. "या गाईला वासरूच नाही. कातडं मला दे, संध्याकाळपर्यंत पेंढा भरून देतो. चारही सड तुझे."

"कातडं मला लागणार आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "तुझ्या गोठ्यामागं एक पांढरी कालवड पडली आहे. ती मला देशील?"

"ती? ती उद्यापर्यंत जगत नाही."

"म्हणून तर आज मागतोय."

दंडिलने खांदे उडवले. बोधिसत्त्वाने ती कालवड उचलून आणली. तिचे पाय लटपटत होते आणि डोळे आत गेले होते. त्याने मेलेल्या वासराचे कातडे सोलून तिच्या पाठीवर घातले, पोटाखाली बांधले आणि तिला कपिलेच्या डावीकडे उभे केले. कपिलेने वास घेतला. आपल्या वासराचा वास ओळखून तिने कालवडीला चाटले. कालवडीने दोनदा तोंड मारले, तिसऱ्यांदा तिला सड सापडला आणि ती पिऊ लागली.

उत्पला म्हणाली, "त्यांनी कातड्यात पेंढा भरला. तुम्ही जीव भरलात."

त्यांनी तिचे नाव चांदी ठेवले. चारच दिवसांत कातडे काढून टाकले तरी कपिला तिला सोडीना. ही गोष्ट पसरली, आणि मग गवळवाड्यातल्या बायका घरात न सांगता आपल्या मरायला टेकलेल्या कालवडी उत्पलेच्या अंगणात आणून ठेवू लागल्या. चार गाईंच्या डाव्या सडांवर पाळी लावून त्या वाढल्या. अर्ध्या पोटी का होईना, जगल्या.

तीन वर्षे गेली. सीमेवर लढाई उभी राहिली आणि राजाच्या कोठारातले धान्य सैन्याकडे गेले. एका सकाळी दवंडी पिटली गेली की घड्यामागची पायली बंद झाली. तोवर गवळवाड्यातल्या गाई म्हाताऱ्या होऊन आटल्या होत्या, आणि त्यांच्या मागे उभी राहायला कालवड नव्हती. दोन घडे भरेनात म्हणून एकेकाचे कुरणही गेले होते. गोऱ्हे नव्हते म्हणून शेतकऱ्यांचे नांगर पडून होते. दुग्धशाळेत घडे पालथे घातलेले होते. आपण इतके धान्य दिले आणि गवळी आधीपेक्षा गरीब कसे झाले, हे राजाला समजेना. तो विशाखला बरोबर घेऊन स्वतः पाहायला निघाला.

राजा येतो आहे हे कळताच दंडिल घाबरला. त्याच्या सांगण्यावरून गवळ्यांनी पेंढ्याची सगळी वासरे चिंचेच्या सावलीत ओळीने मांडली, म्हणजे लांबून गोठे भरलेले दिसावेत. राजाने लांबून पाहिले आणि त्याला बरे वाटले. पण त्याला वासरांची आवड होती, म्हणून तो जवळ गेला.

दंडिलची गौरा नावाची भाकड गाय तिथे एका वासराला चाटत होती. तीन वर्षे चाटून चाटून त्या कातड्याच्या पाठीवरचे केस गेले होते. राजाने वासराच्या पाठीवर थाप मारली. शिवण उसवली आणि पेंढा राजाच्या पायांवर पडला. गौरा चाटतच राहिली.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

दंडिलने मान खाली घातली. तेव्हा बोधिसत्त्व पुढे आला.

"महाराज, हे आपल्या अनुदानावर वाढलेलं वासरू."

"जीभ आवर!" विशाख ओरडला.

राजाने हाताने त्याला गप्प केले. तो त्या गाईकडे वळला. मग म्हणाला, "मी दिलं ते वाईट केलं का?"

"आपण चांगल्या मनानं दिलंत, महाराज. पण दिलंत ते घड्याला. घडा कधी वीत नाही."

"मग कोणाला द्यायला हवं होतं?"

"वासराला. ज्या घरचं वासरू वर्षाचं होऊन स्वतःच्या पायांनी आपण पाठवलेल्या माणसासमोरून चालत जाईल, त्या घराला द्या. थोडं दिलंत तरी पुरेल. आणि कोणाचंही कुरण काढून घेऊ नका. कुरण असलं की गवळी पायलीवाचूनही तगतो."

तेवढ्यात बेटावरून उत्पला परत आली. तिच्या डोक्यावर भारा होता, आणि गवताच्या वासाने अकरा तरुण कालवडी तिच्यामागून धावत येत होत्या. त्यांतल्या चांदीचे पोट खाली उतरले होते. ती गाभण होती. राजाने भारा पाहिला, उत्पलेची मान पाहिली, आणि त्याला आपल्या नावावर चाललेल्या नियमाची लाज वाटली. त्याने तिथल्या तिथे विशाखचा अधिकार काढून सोमिलला देऊ केला.

"अधिकार नको, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "सगळ्यांना कुरण परत द्या."

राजाने कुरण परत दिले आणि पुढच्या वर्षापासून वासराचा नियम केला. त्याच आठवड्यात नगरातले व्यापारी त्या कालवडींसाठी दसपट किंमत घेऊन आले. बोधिसत्त्वाने त्यांना ताक पाजले आणि परत पाठवले. मग ज्या घरची कालवड होती त्या घरी ती नेऊन बांधली. अट एकच घातली: हिची पहिली कालवड ज्या घरी गाय नाही त्या घराला द्यायची, आणि डावीकडे हात घालायचा नाही.

शेवटी तो चांदीला घेऊन दंडिलच्या दारात गेला.

"ही तुझी," तो म्हणाला.

"मी तर हिला मरायला टाकली होती," दंडिल म्हणाला. तो चांदीच्या गळ्यात हात घालून रडला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, रोहक नावाच्या भिक्षूला सांगितली. एका धनिक उपासकाच्या घरून रोज मिळणारी भिक्षा बंद झाली, म्हणून रोहक साधना सोडून निघाला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा जयसेन म्हणजे तो धनिक उपासक. विशाख म्हणजे त्याचा कोठारी. उत्पला आज भिक्षुणी होऊन याच विहारात राहते. सोमिल गवळी मी होतो."

"आणि मी, भगवन्?" रोहकाने विचारले.

"तू दंडिल होतास. तुझ्या हातून चूक झाली होती, आणि तरीही तुझी चांदी तुला परत मिळाली होती. तेवढे आठव आणि आपल्या जागी जाऊन बस."

रोहक जाऊन बसला. घेतलेला निश्चय नफा गेला तरी न सोडणे, या गुणाला अधिष्ठान पारमिता म्हणतात, आणि बोधिसत्त्वाने ती त्या जन्मी एका गोठ्यात पूर्ण केली.