खालच्या वळणावरची राजघंटा

सोनवती नदीकाठी सुबाहू राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्याच एका ओताऱ्याच्या कुळात जन्माला आला. काशाची घंटा ओतावी तर त्यानेच, असे लोक म्हणत, आणि ते खरेच होते. राजवाड्यासाठी ओतलेली त्याची घंटा धुक्यात वाजली, की वाट चुकलेली नाव सरळ घाटाला लागे. राजाला तिचा भारी तोरा. आपल्यासमोर साचा फोडायला लावून त्याने बजावले होते, "अशी दुसरी केलीस तर अंगठा तोडीन."

एकदा ओतारी नदीच्या खालच्या वळणावर, धीवरांच्या वस्तीत गेला. तिथे वडाला टांगलेली घंटा पाहून तो चपापला. हात लावून पाहिला, तर माती, वर अंगठ्याचे ठसे. रेवती नावाची नावाडीण ती पुसत होती.

"हुबेहूब राजाच्या घंटेसारखी केलीय, दादा," ती म्हणाली. "गेल्या धुक्यात माझा धनी गेला. आता मुलगा नाव पाण्यात घालतो."

"बाई, मातीची घंटा वाजायची नाही."

"ठाऊक आहे. पण राजवाड्यातली वाजते ती इथवर ऐकू येत नाही. नसल्यापेक्षा ही बरी."

ओताऱ्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. तो गेला की ओतकाम संपले, आणि दुसरे त्याला काही येत नव्हते. तरी त्याने तिच्याच घंटेवर मेण थापले, वर मातीचा लेप दिला, मेण वितळवून त्या जागी कासे ओतले आणि आतली माती कोरून काढली. घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा रेवती खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

पुढच्या हिवाळ्यात राजाचीच नाव धुक्यात सापडली. हातभर पुढचे दिसेना. तेवढ्यात घंटा ऐकू आली.

"माझी घंटा. मी सांगत नव्हतो?" असे म्हणत राजा छाती फुगवून काठावर उतरला. पाहतो तर घाट नाही की वाडा नाही, समोर मासळीच्या टोपल्या. त्याने घंटेत हात घातला. राजवाड्यातली घंटा आतून गुळगुळीत होती. इथे कुणाच्या तरी अंगठ्याचे उठाव बोटांना लागले.

"ही कोणाची घंटा?" राजाने दरडावून विचारले.

रेवतीने त्याला ओळखले नाही. "राजाची," ती म्हणाली. "आम्ही सगळे तसंच म्हणतो. घरी पोचलेला प्रत्येक जण आधी राजाचं नाव घेतो."

राजाने ओताऱ्याला तिथेच बोलावून घेतले. त्याने आपणहून हात पुढे केला. "महाराज, घंटा मी दोनदा ओतली. दोन्ही वेळा चोख उतरली, याचा मला अभिमान आहे. आता अंगठा घ्या."

धुक्यातून आणखी एक नाव काठाला लागली. तिच्यातून रेवतीचा मुलगा उतरला आणि राजाचे नाव घेऊन घंटेच्या पाया पडला.

"अंगठा असू दे," राजा म्हणाला. "या नदीला अजून वळणे किती आहेत?"

वळणे पुष्कळ होती. ओतारी म्हातारा होईतो घंटा ओतत राहिला, आणि प्रत्येकीचा मातीचा गाभा रेवतीच घडवी.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्खूंनो, मी शिकवलेले शब्द आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हणू नयेत म्हणून रुसून बसलेला हा भिक्खू वच्छक, तोच तेव्हाचा राजा. तेच शब्द पाठ करून गावोगाव म्हणणारी ही भिक्खुणी विमलदत्ता, ती रेवती. ओतारी मी होतो. जे दिल्याने दुणावते ते देताना हात आखडू नये. ही दानपारमिता, दानाची पूर्णता."

वच्छक उठला, विमलदत्तेपाशी जाऊन बसला, आणि दोघे मिळून तेच शब्द म्हणू लागले.