पॅरामेशियमला सोन्याचा मुलामा

वेळ दुपारी सव्वातीनची. ठिकाण एका कॉलेजची प्रयोगशाळा. यंत्रं एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही घटना.

काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा थेंब होता. त्यात एक इवलीशी पॅरामेशियम, एकाच पेशीचा जीव, आपल्याच तंद्रीत, उजेडात गिरक्या घेत तरंगत होती. भिंगाचा जुना सूक्ष्मदर्शक तिला डोळे भरून पाहत होता.

"भिंगकाका, कशी दिसते मी?"

"छान! खाल्लेलं हिरवं शेवाळ पोटात हळूहळू फिरतंय बघ."

"आणि अंगावरचे केस?"

"ते जरा धूसर दिसतात गं."

शेजारचा नवाकोरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हसला. "म्हाताऱ्याला काय दिसणार? माझ्याकडे ये. एकेक केस मोजून दाखवतो. माझ्या पोटात हवा नाही, पाणी नाही, म्हणून आधी वाळवतात. मग अंगभर सोन्याचा मुलामा देतात."

"सोन्याचा!" ती मोहरून गेली.

"अगं, वाळवतात म्हणाला तो! ते ऐकलंस का?" भिंगकाका ओरडले.

"काका, तुम्हाला माझं कौतुक बघवत नाही," ती म्हणाली आणि गेली.

आज तिचं करडं चित्र प्रयोगशाळेबाहेर लावलं आहे, दाराएवढं. केस न् केस दिसतो. बघणारे थक्क होतात. खाली वाढ दहा हजार पट, मुलाम्याची जाडी, यंत्राचं नाव, सगळं छापलं आहे. वाळवायला नेली तेव्हा ती जिवंत होती, एवढीच ओळ नाही. ती ओळ कुणी गाळली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.