पळसटोल्याला न चालणारी प्रत

“मग इथं कशी चालते, भंते?”

भंते सुमेध चिवराला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मग मान वर केली.

“काय चालतं?”

“मी केलेली प्रत. इथं लावली की चालते. पळसटोल्याला नेली की मरते. दोनदा नेली, भंते. दोनदा...”

उत्पला त्यांच्यासमोर ओसरीवर बसली.

उत्पला रामटेके हैदराबादच्या एका कंपनीत फोनवरची अ‍ॅप लिहिणाऱ्या बारा जणांची प्रमुख होती. तीन महिन्यांची रजा काढून ती चंद्रपूरकडच्या या टेकडीवरच्या विहारात आली होती, ध्यान शिकायला. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, “कधीपासून बसू?” भंतेंनी कपाटाकडं बोट दाखवलं होतं. “आधी त्याची एक प्रत कर.”

कपाटात पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक होता. चिवर घेण्याआधी भंतेंनी बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती आणि तारांचा नाद काही सुटला नव्हता. त्या एवढ्याशा संगणकावर त्यांनी नऊ वर्षं खपून नऊशे पुस्तकं, गाणी, शाळेचे धडे भरले होते. विहाराच्या ओसरीत कुणीही फोन घेऊन बसावं आणि वाचावं. इंटरनेट लागत नसे. आणि हे सगळं राहायचं नखाएवढ्या एका कार्डावर. पुस्तकंही त्यावरच आणि संगणकाला जागं करणारी ऑपरेटिंग सिस्टीमही त्यावरच.

पळसटोला जंगलातलं गाव. तिथं फोनला रेंज नाही. शाळेचे मरस्कोल्हे गुरुजी एकदा विहारात आले, ओसरीत बसून दुपारभर वाचत राहिले आणि जाताना म्हणाले, “भंतेजी, असं एक आमच्या पोरायले भेटंल का?”

म्हणून प्रत.

“एका दुपारचं काम आहे,” उत्पला तेव्हा हसून म्हणाली होती. आणि खरोखर एका दुपारीच तिनं ते केलं. उन्हाळ्यात कार्डं दगा देतात म्हणून तिनं चांगला दणकट पेनड्राइव्ह घेतला, तो नीट आखून तयार केला आणि कार्डावरची एकूण एक फाइल त्यात उतरवली. मग संगणकाला सांगितलं, आता इथून पुढं पेनड्राइव्हवरून जागा हो. तो झाला. तीन दिवस तिनं तपासलं. नऊशेच्या नऊशे पुस्तकं उघडली.

“एक अक्षर इकडचं तिकडं नाही, भंते,” ती म्हणाली होती.



मग तिनं तसाच एक नवा संगणक घेतला, त्याला तो पेनड्राइव्ह लावला आणि एसटीनं, पुढं जीपनं, पळसटोल्याला गेली. शाळेत अख्खं गाव जमलं होतं. मुलांनी घरोघरचे फोन मागून आणले होते. एका आजीनं तर पाट आणला होता, संगणक ठेवायला. उत्पलानं बटण दाबलं. लाल दिवा लागला. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकला...

आणि थांबला.

नवीन संगणकच खराब निघाला असणार, असं तिनं गुरुजींना सांगितलं.

दुसऱ्या खेपेला ती विहाराचाच संगणक घेऊन गेली. त्यातलं भंतेंचं जुनं कार्ड जपून काढून ठेवलं आणि फक्त पेनड्राइव्ह बरोबर घेतला. तोच संगणक, तीच वायर, तोच पेनड्राइव्ह. लाल दिवा लागला. हिरवा लुकलुकला आणि थांबला.

मुलांनी फोन खिशात घातले. एकेक जण उठला. पाट आणणारी आजी मात्र तिच्याजवळ येऊन म्हणाली, “तू नको वाईट वाटून घेऊ, बाई. आमच्या गावाले काही लाभतच नाही. टावरबी असाच आलता, चाललाच नाही.”

हे उत्पलाच्या जिव्हारी लागलं.

परत आल्यावर तिनं आधी जुनं कार्ड जागेवर बसवलं, मग पेनड्राइव्ह लावला. संगणक सुरू! पुस्तकं सुरू! ती बघतच राहिली. वीज कमी-जास्त असेल म्हणावं, तर पळसटोल्यात तिनं बॅटरी वापरली होती. उष्णता म्हणावी, तर विहार जास्त तापतो. मग काय? जागा? त्या आजीचं म्हणणं खरं की काय?

इंजिनिअर बाई, आणि मनात असले विचार. तिची तिलाच लाज वाटली. म्हणून ती ओसरीवर येऊन विचारत होती, इथं कशी चालते?

“चालवून दाखव,” भंते म्हणाले.

तिनं संगणक आणला. ओसरीतला जुना टीव्ही त्याला जोडला आणि चालू केला. पडद्यावर अक्षरं धावली. पुस्तकांची यादी आली.

“बघा!” ती जवळजवळ चिडून म्हणाली. “चालते ना?”

“पुस्तकं कोण देतंय?”

“प्रत. पेनड्राइव्ह.”

“तुला नाही विचारलं. त्याला विचार.”

“त्याला कसं विचारणार?”

भंतेंनी सुई चिवरात खोचून ठेवली. पुढं वाकले. आणि संगणक चालू असताना, नखानं, खालच्या खाचेतलं जुनं कार्ड उपसून काढलं.

“भंते!”

टीव्हीवरची यादी जागच्या जागी गोठली. उत्पलानं आपल्या फोनवर एका पुस्तकावर बोट ठेवलं. काही नाही. दुसऱ्यावर ठेवलं. काही नाही.

“असं चालू असताना काढतात का? मूळ कार्ड आहे ते! नऊ वर्षांचं... बिघडलं असतं म्हणजे?”

“तुझ्याकडे प्रत आहे ना? एक अक्षर इकडचं तिकडं नाही अशी.”

तिला हसावं की रडावं कळेना.

भंतेंनी ते कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. मग संगणक बंद करून पुन्हा लावला. आता त्यात कार्ड नव्हतं. फक्त पेनड्राइव्ह.

पडद्यावर अक्षरं धावली, आणि एका ओळीवर येऊन थांबली. पळसटोल्यात टीव्ही नव्हता, त्यामुळं ही ओळ तिनं कधी पाहिलीच नव्हती. ओळीचा अर्थ एवढाच होता की, अमक्या नंबरची वाट पाहतो आहे. पुढं तो लांबलचक नंबर.

“कुणाचा नंबर?” भंतेंनी विचारलं.

तिनं लॅपटॉप आणला. प्रत्येक कार्डाला, पेनड्राइव्हला आपला असा एक नंबर असतो. तिनं पेनड्राइव्हचा पाहिला. तो वेगळाच होता. मग मूठ उघडून कार्ड लॅपटॉपला लावलं...

नंबर कार्डाचा होता.

कार्डावर एका छोट्या फाइलीत एकच ओळ होती. जागा झालास की अमुक नंबरच्या घरी जा, बाकीचं सगळं तिथं आहे. उत्पलानं सगळं उतरवलं तेव्हा ती ओळही उतरली होती. जशीच्या तशी. प्रत जागी होत होती आपली आपण, आणि डोळे उघडताच निघत होती जुन्या कार्डाच्या घरी. इथं ते घर शेजारीच होतं.

“म्हणजे...” उत्पला सावकाश म्हणाली, “तीन दिवस मी जी पुस्तकं तपासली, ती जुन्या कार्डावरचीच...”

भंते ठिगळाचा कोपरा दुमडत होते.

“पण मी एक अक्षरही बदललं नव्हतं, भंते.”

“हो.”

“मग चूक कुठं झाली?”

“दाखव बरं.”

ती शोधू लागली. जुनं कार्ड शाबूत होतं; एकेक फाइल त्याच्याशी लावून पाहिली. एकही चूक नव्हती. सगळं बरोबर होतं, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत बरोबर. आणि तरी ते चालत नव्हतं.  अकरा वर्षांच्या नोकरीत इतकी बरोबर चूक तिनं पाहिली नव्हती.

“भंते, मग प्रत करायची म्हणजे नक्की काय करायचं?”

भंतेंनी दोरा दातानं तोडला, चिवर झटकलं आणि ते उठून गेले. अकरा वाजले होते. त्यांची भोजनाची वेळ झाली होती.

उत्पला एकटीच बसली. बऱ्याच वेळानं तिनं ती ओळ उघडली आणि जुना नंबर खोडला. तिथं पेनड्राइव्हचा स्वतःचा नंबर लिहिला. आता ही हुबेहूब प्रत राहिली नव्हती.

संगणक लावला. या वेळी तो पुढं गेला, पण अर्ध्यावर अडला. ती पुन्हा बुचकळ्यात पडली. भंतेंना हाक मारावी म्हणून उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. शोधता शोधता तोच जुना नंबर आणखी एका फाइलीत सापडला. तोही बदलला.

मग कार्डाची खाच पुन्हा एकदा बोटानं चाचपून पाहिली. रिकामी होती. बटण दाबलं.

अक्षरं धावली. थांबली नाहीत. पुस्तकांची यादी आली.

“भंते! भंते, चाललं!”

आतून भांडं घासल्याचा आवाज आला. भंते काही आले नाहीत.

पुढं पळसटोल्यातही ते चाललं. मरस्कोल्हे गुरुजींनी सुट्टीची घंटा वाजवली, तरी एकही मूल उठलं नाही. आणि पाट आणणाऱ्या आजीनं कुणाकडून तरी अख्खी एक गोष्ट वाचून घेतली.  पण हे सगळं झालं तिसऱ्या खेपेला. त्या खेपेला निघताना उत्पलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सकाळची एसटी धरायची होती. तिनं रात्रीपासून सात वेळा संगणक बंद करून चालू केला होता. सातही वेळा चालला होता. तरी पायऱ्या उतरताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा त्या मुलांचे चेहरे पाहिले होते तिनं. तिसऱ्यांदा पाहवणार नव्हते.

शेवटच्या पायरीवरून ती मागं वळली.

“भंते, एक विनंती आहे.”

“बोल.”

“इथं चाललं म्हणजे तिथं चालेलच, असं आता मला काही म्हणवत नाही. मला कळतंय असं वाटतं, आणि परत... कळत नाही. तुम्ही चला ना बरोबर. काही करू नका. नुसते शेजारी बसा. तुम्ही असलात की मला धीर येतो, काही अडलं तरी सुचतं. तुम्ही आलात की नक्की चालेल.”

भंते वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

“मी आलो,” भंते म्हणाले, “तर ते आपलं आपण चाललं, हे तुला कसं कळणार?”