झाकणाचा अर्ज

त्या राज्यात पातेली पुष्कळ होती आणि झाकणेही पुष्कळ होती. तरीही निम्मी पातेली उघडीच शिजत होती. याची चिंता कुणाला नव्हती, कारण नेमणुकांचे काम चाळणीकडे होते आणि चाळण कामसू होती.

पद्धत सोपी होती. जागा हवी असलेल्या झाकणाने अर्जासह चाळणीत बसायचे. चाळण त्याला नियमानुसार हलवी. भोकांतून खाली उतरेल ते पात्र. वर राहील त्याने पुढच्या महिन्यात यावे.

एक पितळी झाकण अकरा वेळा वर राहिले होते. वर्षभर जागा न मिळालेले झाकण मोडीत जाई, आणि त्याचे वर्ष आठ दिवसांनी भरत होते. समोरच्या चुलीवर एक मोठे पातेले रोज उघडे उकळताना त्याला फळीवरून दिसे. थेट जाऊन विचारावे काय?

"किसणीमावशी, जाऊ का?" त्याने शेजारणीला विचारले.

"जा की. आगाऊ म्हणून नाव तरी होईल." समोरच्याला थोडे किसल्याशिवाय किसणीला बोलताच येत नसे. "आणि चाळणबाईंना कळलं म्हणजे?"

"कळून काय करतील? बाराव्यांदा हलवतील?"

किसणीने न किसताच मान डोलावली. असे पूर्वी घडल्याचे कुणाला आठवत नव्हते.

झाकणाने सात दिवस विचारात घालवले. त्यांपैकी तीन नुसत्या मायन्यावर गेले. आठव्या दिवशी सकाळी ते घरंगळत चुलीशी पोचले आणि वाटेत मायना विसरले.

"साहेब, माफ करा. मी चाळणबाईंच्या मार्फत आलेलो नाही."

"बरं झालं," पातेले खदखदत म्हणाले. "वर्षभर झाकण मागतोय. त्यांच्याकडून दर महिन्याला चिमूटभर पीठ येतं. उत्तम, एकसारखं पीठ. त्यानं मी काय झाकू? तुझा घेर किती?"

हे झाकणाला कुणी विचारलेच नव्हते. अर्जात धातू, घराणे, चकाकी असे रकाने होते, घेराचा नव्हता.

"माहीत नाही, साहेब."

"मग बसून बघ."

झाकण बसले. "एका बाजूला फट राहतेय, साहेब."

"राहू दे. मलाही श्वास घ्यायचा असतो."

त्या दिवशी भात मऊ झाला. चाळणीने घटनेची रीतसर दखल घेतली. सदर झाकण चाळणीतून गेलेले नसल्यामुळे ते अस्तित्वात नाही, असा शेरा तिने मारला. झाकणाने तो वाचला नाही. ते कामात होते.

आतून वाफ आली की ते जरासे उचलले जाई आणि पुन्हा बसे. टक, टक. तो आवाज वर फळीपर्यंत गेला. तिथे अर्ज घेऊन बसलेल्या झाकणांपैकी एक हळूच कडेपर्यंत सरकले, खाली वाकले, आणि चुलीपर्यंतचे अंतर नजरेने मोजू लागले.